स्वस्तातला 'क्लाउड लॅपटॉप' घ्यावा का? पैसे वाचतात कुठे आणि जातात कुठे

बारावीचा निकाल लागतो, ॲडमिशनची धावपळ सुरू होते आणि घरात एक विषय हमखास निघतो, लॅपटॉप घ्यायचाय. वडिलांचं बजेट पंधरा हजारांचं. दुकानदार चाळीस हजारांच्या खाली बोलायला तयार नाही. तेवढ्यात मोबाईलवर जाहिरात दिसते, तेरा-चौदा हजारांत नवाकोरा लॅपटॉप, सगळं काम क्लाउडवर. दुसरी जाहिरात तर म्हणते की लॅपटॉपचीही गरज नाही, घरातल्या टीव्हीलाच कॉम्प्युटर करा आणि महिन्याला भाडं भरा.

ही जाहिरात फॅमिली ग्रुपवर पडली की दोन तट पडतात. मामा म्हणतात, "घेऊन टाका, पोराला कुठे रॉकेट सोडायचंय!" कॉलेजात शिकणारा चुलतभाऊ म्हणतो, "नेट गेलं की नुसता डबा आहे तो."

दोघंही अर्धे बरोबर आहेत. कारण 'क्लाउड लॅपटॉप' या एकाच नावाखाली तीन वेगवेगळ्या वस्तू विकल्या जातायत. त्यातली आपल्या समोर कोणती आहे हे कळलं, तर निम्मा गोंधळ तिथेच संपतो.

हा विषय आत्ताच का निघालाय?

पहिलं कारण विंडोज १०. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित सपोर्ट बंद केला. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप आणि साधारण इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे घरातले, दुकानातले चांगले चालणारे कितीतरी जुने कॉम्प्युटर एका रात्रीत 'जुने' ठरले.

दुसरं कारण मेमरी चिप. एआयच्या डेटा सेंटरांना प्रचंड मेमरी लागते, आणि चिप बनवणाऱ्या कंपन्यांना तिथे जास्त पैसे मिळतात. २०२५ च्या शेवटी रॅमचे भाव चढले. मायक्रॉन या बड्या अमेरिकी कंपनीने तर डिसेंबर २०२५ मध्ये जाहीर केलं की सामान्य ग्राहकांना रॅम आणि एसएसडी विकणारा आपला 'क्रुशियल' हा ब्रँडच ती बंद करणार. रॅम महागली की सगळ्यात आधी झळ बसते ती स्वस्त लॅपटॉपला, कारण तिथे नफ्याचं मार्जिन आधीच कमी असतं.

तिसरं कारण जिओपीसी. जुलै २०२५ मध्ये जिओने सेट टॉप बॉक्सवर चालणारा भाड्याचा कॉम्प्युटर आणला. सुरुवातीचा दर होता महिना ५९९ रुपये अधिक जीएसटी. तोवर 'क्लाउड पीसी' हा ऑफिसांपुरता मर्यादित शब्द होता, तो आता घराघरात पोहोचलाय.

क्लाउड म्हणजे नेमकं काय?

ढगात काहीही नसतं. क्लाउड म्हणजे दुसऱ्याच्या मालकीच्या इमारतीत ठेवलेले, इंटरनेटने जोडलेले हजारो कॉम्प्युटर. ॲमेझॉन आणि गुगलची अशी केंद्रं मुंबईत आहेत. मायक्रोसॉफ्टच्या यादीत 'सेंट्रल इंडिया' या नावाने दिसणारं केंद्र तर आपल्या पुण्यात आहे. म्हणजे 'फाइल क्लाउडवर ठेवली' याचा साधा अर्थ, ती आपल्या घरातून उचलून त्यांच्या गोदामात ठेवली.

आता त्या तीन वस्तू बघू.

प्रकार पहिला : ब्राउझरवाला लॅपटॉप

याचं ठळक उदाहरण क्रोमबुक. गुगलने २०११ मध्ये सॅमसंग आणि एसरसोबत पहिली क्रोमबुक बाजारात आणली. कल्पना साधी होती. लोक कॉम्प्युटरवर बसले की बहुतेक वेळ ब्राउझरमध्येच असतात, मग ब्राउझरच मुख्य ठेवून बाकीचा पसारा काढून टाकला तर? कमी रॅम, छोटं स्टोरेज, झटपट सुरू होणारं मशीन आणि व्हायरसची डोकेदुखी कमी. पुढे २०१६ पासून त्यात अँड्रॉइडची ॲप्स आली आणि २०१८ मध्ये लिनक्सची सोयही जाहीर झाली.

भारतात २ ऑक्टोबर २०२३ पासून एचपीने चेन्नईजवळच्या फ्लेक्सच्या कारखान्यात क्रोमबुक बनवायला सुरुवात केली. तेव्हा सुरुवातीची किंमत १५,९९० रुपये सांगितली होती.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. क्रोमबुकवर प्रोसेसिंग बऱ्यापैकी तुमच्या मशीनमध्येच होतं, क्लाउडवर असतात त्या मुख्यतः फाइल. त्यामुळे नेट गेलं तरी गुगल डॉक्समध्ये लिहिता येतं, डाउनलोड केलेली पीडीएफ वाचता येते, सेव्ह केलेला व्हिडिओ बघता येतो. अट एकच, ऑफलाइनची सेटिंग नेट असतानाच चालू करून ठेवायला हवी. बरेच जण ती करत नाहीत आणि मग लाईट गेल्यावर लॅपटॉपला शिव्या घालतात.

प्रकार दुसरा : मोबाईलचं पोट, लॅपटॉपचं अंग

याचं उदाहरण जिओबुक. ३१ जुलै २०२३ ला आलेल्या मॉडेलची किंमत होती १६,४९९ रुपये. वजन ९९० ग्रॅम, पडदा ११.६ इंची, ४ जीबी रॅम, ६४ जीबी स्टोरेज, आत मीडियाटेकची मोबाईल-टॅबलेटवाली चिप आणि ४जी सिम. यावर जिओचीच ऑपरेटिंग सिस्टिम चालते, विंडोज नाही.

साध्या भाषेत सांगायचं तर हा कीबोर्ड लावलेला मोठा मोबाईल. मोबाईलवर जे चालतं ते इथे मोठ्या पडद्यावर, बसून, नीट टाइप करत करता येतं. सिमची सोय असल्याने वाय-फाय नसलेल्या गावातही उपयोग होतो. मोबाईलवर जे होत नव्हतं, ते मात्र इथेही होईलच असं नाही.

प्रकार तिसरा : खरा क्लाउड पीसी

इथे तुमच्या घरात कॉम्प्युटर नसतोच. तो डेटा सेंटरमध्ये असतो. तुमच्याकडे येतं ते फक्त त्याच्या पडद्याचं चित्र, यूट्यूबचा व्हिडिओ येतो तसं. तुम्ही कीबोर्डचं बटण दाबता, तो इशारा शेकडो किलोमीटरवर जातो, तिथे अक्षर उमटतं आणि त्याचं चित्र परत तुमच्याकडे येतं.

मायक्रोसॉफ्टने विंडोज ३६५ नावाने ही सेवा ऑगस्ट २०२१ मध्ये कंपन्यांसाठी सुरू केली. जिओपीसी याच जातीचा, फक्त त्यावर विंडोजऐवजी लिनक्स चालतं. आठ जीबी रॅम आणि १०० जीबी जागा मिळते, पण ती तुमच्या घरात नसते.

याचा मोठा फायदा म्हणजे घरातलं यंत्र कितीही साधं असलं तरी चालतं. रॅम वाढवणं, हार्ड डिस्क बदलणं ही कटकट कंपनीची. तोटा म्हणजे चुलतभावाचा 'नेट गेलं की डबा' हा टोमणा इथे शब्दशः खरा आहे. नेट नाही तर काहीच नाही.

नेटचा हिशोब कुणी सांगत नाही

समजा क्लाउड पीसीच्या पडद्याचं चित्र यायला २ एमबीपीएस लागतात. साधं टायपिंग असेल तर कमी, व्हिडिओ लावला तर जास्त, पण हिशोबासाठी दोन धरू. एका तासात झाले ७,२०० मेगाबिट, म्हणजे ९०० एमबी. तुमच्या मोबाईल रिचार्जमध्ये रोज दीड जीबी मिळत असेल आणि हॉटस्पॉट लावून काम करायचा विचार असेल, तर पावणेदोन तासांच्या आत दिवसाचा कोटा साफ.

म्हणजे क्लाउड पीसीचा विचार फायबर किंवा अमर्याद डेटाचं ब्रॉडबँड असलेल्या घरानेच करावा. त्यातही स्पीडच्या आकड्यापेक्षा महत्त्वाचा असतो तो लागणारा उशीर. १०० एमबीपीएसचं कनेक्शन असूनही सिग्नल अडखळत असेल तर माऊस इकडे हलवला आणि बाण तिकडे मागाहून सरकला असं होतं. पिक्चर बघताना हे जाणवत नाही, कारण पुढचा भाग आधीच येऊन थांबलेला असतो. टाइप करताना ती सोय नाही, कारण तुम्ही पुढे कोणतं अक्षर दाबणार हे सर्व्हरला आधी माहीत नसतं.

मग काय चालतं आणि काय अडतं?

ऑनलाइन लेक्चर, असाइनमेंट लिहिणं, प्रेझेंटेशन, ईमेल, फॉर्म भरणं, एमपीएससीच्या नोट्स काढणं, यूट्यूबवरून शिकणं, बँकेची वेबसाइट, साधा हिशोब, हे सगळं या तीनही प्रकारांत होतं. युनिकोड मराठी टाइप करायलाही अडचण नाही. वर्ड आणि एक्सेल ब्राउझरमध्ये फुकट वापरता येतात. पायथन, वेब पेज अशा कोडिंगची सुरुवातही होते.

अडतं ते पुढे, आणि ते कोर्सप्रमाणे बदलतं.

इंजिनिअरिंग किंवा आर्किटेक्चरला जाणाऱ्याला ऑटोकॅड, सॉलिडवर्क्स यांची पूर्ण आवृत्ती लागेल. पहिले दोन प्रकार तिथे हात टेकतात. कॉमर्सवाल्याला टॅली लागेल, आणि टॅली हे मुळात विंडोजचं सॉफ्टवेअर. एक्सेल ब्राउझरमध्ये चालतं, पण ऑफिसात ज्यावर निम्मं काम अवलंबून असतं ते व्हीबीए मॅक्रो तिथे चालत नाहीत. लग्नपत्रिका, फ्लेक्स, मासिकाचं डीटीपी करणाऱ्याला कोरलड्रॉ आणि श्रीलिपीसारखी साधनं लागतात, तीही प्रामुख्याने विंडोजवर.

ई-सेवा केंद्र किंवा टॅक्सचं काम करणाऱ्याची अडचण आणखी वेगळी. डिजिटल सहीचं डोंगल, बोटाचे ठसे घेणारं यंत्र, जुना प्रिंटर यांचे ड्रायव्हर प्रामुख्याने विंडोजसाठी बनलेले असतात. यूएसबीत डोंगल बसतं, पण लॅपटॉप त्याला ओळखत नाही. काही ऑनलाइन परीक्षा आणि नोकरीच्या चाचण्यांचं सॉफ्टवेअरही फक्त विंडोज किंवा मॅकवरच चालतं. हे नेमकं परीक्षेच्या सकाळी कळलं तर काय होईल, याचा विचार आधी केलेला बरा.

आता कुणी म्हणेल, क्लाउड पीसी तर ताकदवान असतो, मग तिथे ऑटोकॅड का नाही? असू शकतं. पण त्यासाठी विंडोजचा क्लाउड पीसी आणि चांगल्या ग्राफिक्सचा प्लॅन लागतो, त्याचं भाडं घरगुती बजेटच्या बाहेर जातं. ५९९ मध्ये ते येत नाही.

खरा प्रश्न भाड्याचा

५९९ रुपयांवर १८ टक्के जीएसटी धरला तर महिन्याचे झाले साधारण ७०७ रुपये. वर्षाचे जवळपास ८,४८०. तीन वर्षांच्या डिग्रीसाठी २५,४०० च्या वर. यात ब्रॉडबँडचं बिल नाही, टीव्ही नाही. जास्त महिन्यांचा प्लॅन घेतला तर दर कमी होतो हे खरं, पण तीन वर्षांनी हातात काय उरतं? काहीच नाही. तेवढ्याच पैशात सेकंड हँड बाजारात बरा लॅपटॉप येतो, आणि तो नंतर धाकट्या बहिणीला वापरता येतो.

उलट बाजूही बघायला हवी. एखाद्याला फक्त दोन महिन्यांच्या कोर्सपुरता कॉम्प्युटर हवाय आणि घरात फायबर आहे, तर दीड हजाराच्या आत काम भागतं. काम संपलं की प्लॅन बंद. लग्नात मंडप कुणी विकत घेत नाही, पण त्याच मंडपात कुणी संसारही करत नाही.

चावी कुणाच्या हातात?

पैशापलीकडचा मुद्दा मालकीचा आहे. त्याचे तीन पैलू बघा.

एक, अपडेटची मुदत. प्रत्येक क्रोमबुकला गुगलकडून अपडेट मिळण्याची शेवटची तारीख ठरलेली असते. अमेरिकेत शाळांनी लाखो क्रोमबुक घेतली होती, आणि मशीन धडधाकट असूनही मुदत संपल्याने ती काढून टाकावी लागतात अशी टीका २०२३ मध्ये पीआयआरजी या ग्राहक संघटनेने केली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये गुगलने मुदत दहा वर्षांपर्यंत वाढवली. मेख अशी की ही दहा वर्षं तुम्ही विकत घेतल्या दिवसापासून मोजली जात नाहीत, ते मॉडेल ज्या प्लॅटफॉर्मवर बनलंय तो बाजारात आल्यापासून मोजली जातात. सेलमध्ये मिळालेल्या 'जबरदस्त डील'ची चार-पाच वर्षं आधीच संपलेली असू शकतात.

दोन, फाइल. गुगलच्या साध्या खात्यात १५ जीबी फुकट मिळतात, आणि त्यातच जीमेल, ड्राइव्ह, फोटो सगळं बसवायचं असतं. डिसेंबर २०२३ पासून दोन वर्षं न वापरलेली खाती काढून टाकायलाही सुरुवात झालीय. कॉलेजने दिलेल्या आयडीवर प्रोजेक्ट ठेवला असेल तर डिग्री झाल्यावर तो आयडी बंद होऊ शकतो.

तीन, दार बंद होणं. हे फक्त गरीब ग्राहकाच्याच बाबतीत होतं असं नाही. जुलै २०२५ मध्ये युरोपियन युनियनच्या निर्बंधांनंतर नायरा एनर्जी या भारतातल्या बड्या तेल कंपनीचे मायक्रोसॉफ्टचे ईमेल आणि टीम्स अचानक बंद झाले. पैसे भरलेले होते, डेटा कंपनीचाच होता. तिने दिल्ली हायकोर्टात धाव घेतली आणि काही दिवसांत सेवा परत सुरू झाली. नायराकडे वकील होते. बी.कॉम.च्या पोराकडे ते नसतात, म्हणून त्याच्याकडे निदान फाइलची एक कॉपी पेन ड्राइव्हवर असली पाहिजे.

ही कल्पना पहिल्यांदा आलेली नाही

१९९५-९६ च्या सुमारास ओरॅकलचे लॅरी एलिसन हेच सांगत फिरत होते. त्यांनी त्याला 'नेटवर्क कॉम्प्युटर' म्हटलं होतं. घरात स्वस्त यंत्र, बाकी सगळं नेटवर्कवर. ते फसलं, कारण तेव्हा नेट संथ होतं आणि दुसरीकडे साधे पीसीच भराभर स्वस्त होत गेले.

आज दोन्ही पारडी उलटी झालीत. २०१६ नंतर भारतात डेटा स्वस्त झाला आणि आता मेमरीमुळे मशीन महाग होतायत. म्हणून हीच कल्पना आज चालून जाऊ शकते. पण स्वस्त मशीन देऊन महिन्याचं भाडं घेणं हा कंपन्यांसाठी धंदा आहे, उपकार नव्हे. उद्या डेटाचे किंवा प्लॅनचे दर वाढले तर ज्याच्या घरात स्वतःचं मशीन नाही त्याला ते भरावेच लागतील.

मग करायचं काय?

दुकानात जायच्या आधी चार गोष्टी करा. ज्या कोर्सला ॲडमिशन होतेय तिथल्या सिनियरला विचारा की तीन वर्षांत कोणकोणती सॉफ्टवेअर लागली, आणि त्यांची यादी करा. त्यातलं एक जरी फक्त विंडोजवर चालणारं असेल तर स्वस्त क्लाउड लॅपटॉप हा तुमचा एकमेव कॉम्प्युटर असू शकत नाही.

मग घरच्या नेटची परीक्षा घ्या. संध्याकाळी आठ ते दहा, जेव्हा सगळी गल्ली नेटवर असते, तेव्हा तासभर व्हिडिओ कॉल करून बघा. तो अडखळला तर क्लाउड पीसीही अडखळणार. काही कंपन्या पहिल्या महिन्याची चाचणी फुकट देतात, ती नक्की घ्या आणि त्यात प्रिंटर, वेबकॅम जोडून बघा.

तिसरं, रॅम आणि स्टोरेज बोर्डवर कायमचं चिकटवलेलं आहे का ते विचारा. तसं असेल तर ४ जीबी म्हणजे कायम ४ जीबी. क्रोमबुक असेल तर अपडेटची शेवटची तारीख सेटिंगमध्ये दिसते, ती दुकानातच बघा.

चौथं, घरातला जुना लॅपटॉप भंगारात घालू नका. गुगलचं क्रोमओएस फ्लेक्स २०२२ पासून फुकट मिळतं. ते टाकलं की जुनं मशीन जवळपास क्रोमबुकसारखं चालतं, फक्त त्यात प्ले स्टोअरची ॲप्स मिळत नाहीत. लिनक्सचाही पर्याय आहे. आणि नवीनच घ्यायचा असेल तर कंपन्यांनी वापरून विकलेले, दुरुस्त करून वॉरंटीसह मिळणारे लॅपटॉप बघा. त्यात आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर, एसएसडी आणि रॅम वाढवायची जागा असावी.

शाळेतलं मूल, घरून लिहिणारी गृहिणी, स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी, ईमेल आणि व्हिडिओ कॉलपुरता कॉम्प्युटर हवा असलेले आजोबा, यांच्यासाठी क्रोमबुक किंवा मोबाईल चिपचा लॅपटॉप ही पैशाची उधळपट्टी नाही. मामांचं म्हणणं इथे बरोबर ठरतं. पण डिझाइन, अकाउंट्स, इंजिनिअरिंग शिकून त्यावर पोट भरायचं असेल, तर पंधरा हजारांचा नवा आणि पंचवीस हजारांचा वापरलेला यांत वापरलेला घेतलेला परवडतो. दहा हजार वाचवून दुसऱ्याच वर्षी पुन्हा दुकानात उभं राहण्यापेक्षा, निकालानंतर आठ दिवस थांबून सिनियरला एक फोन करणं स्वस्त आहे.